काळ्याचं म्हणून काय काढायचं

बाराव्या दिवशी सकाळी जैतू आणि फागू या दोघा भावांनी मिळून बापाची झोपडी रिकामी केली, आणि तिथंच दोघं फसले.

काढायचं होतं फक्त बापाचं. या घराची रीत तशी सुटसुटीत होती. माणूस गेला की त्याच्या वापरातली चीजवस्तू बाराव्याला ओहोळापलीकडं नेऊन ठेवायची, सूर्य डोक्यावर यायच्या आत, आणि मागं न बघता परत फिरायचं. आज्याच्या वेळी एक घोंगडी, एक कोयता आणि एक तांब्या नेला, संपला कारभार. पण हा बाप म्हणजे काळ्या! सत्तर वर्षांत या माणसानं एक वस्तू फेकली असेल तर शपथ. फुटलं की सांधायचं, सांधून भागलं नाही की कापायचं, कापून उरेल त्याचं तिसरंच काहीतरी करायचं. त्यामुळं दोघं भाऊ आत शिरले, एकेक वस्तू हातात घेऊन ‘हे बाचं का आयेचं’ म्हणून एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि शेवटी वैतागून होतं नव्हतं ते सगळंच अंगणात आणून मांडलं. झोपडीत उरलं काय, तर गार पडलेली चूल आणि चार खांब.

जैतूची बायको सुषमा विहिरीवरून आली ती डोक्यावरचा हंडा न उतरवताच उभी राहिली. “हे काय? बारावं हाय का खोडाळ्याचा बाजार?”

“तुला कळतंय कोणतं कुणाचं, तर तू निवड,” जैतू म्हणाला. त्याचं लक्ष वस्तूंवर नव्हतंच. तो दारातून आत, खांबांकडं बघत होता. सागाचे चार खांब, बापानं तरुणपणी उभे केलेले, अजून एकालाही वाळवी शिवली नव्हती. पलीकडं त्याचं स्वतःचं घरकुल होतं, एक खोली आणि ओटा. प्रतिक्षा यंदा दहावीला, आणि पोरगी अभ्यासाला बसते कुठं, तर भाताच्या कणगीमागं. या चार खांबांवर सरळ पडवी निघत होती. पावसाच्या आत झोपडी उतरवायची, हे त्यानं आणि सुषमानं परवाच ठरवलं होतं. आयेला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

फागूचंही एक ठरलेलं होतं. तो भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला. बायकोला पॅकिंगचं काम लागलेलं, दोन पोरं दिवसभर शेजारणीच्या भरवशावर. आयेला संगं न्यायची, म्हणून झोपडी रिकामी झालेली त्यालाही हवीच होती. येताना तो आईसाठी खोकं भरून नवं सामान घेऊन आला होता, स्टीलची ताटं, ग्लास, एक गुबगुबीत ब्लँकेट. त्यानंही आयेला अजून विचारलं नव्हतं.

आणि आये, गोदी, जिच्याबद्दल एवढं सगळं ठरलं होतं, ती झोपडीच्या उंबऱ्याला पाठ लावून बसली होती. बारा दिवस ती जेवायला जैतूकडं जायची आणि निजायला परत झोपडीत यायची. बोलली जवळपास नाहीच. सगळ्यांना वाटलं, म्हातारी खचली. तिला ओळखतच नव्हते म्हणायचं.

उन्हं जरा वर आली तेव्हा पोशेऱ्याहून चंद्रकला आली. काळ्याची थोरली बहीण, दोघा भावांची आते. या कुळात रीतभात तिच्या शब्दावर चालायची. जीपमधून उतरून चढण चढल्यामुळं तिला धाप लागलेली, तरी टेकायच्या आधी तिनं अंगणाला एक फेरी मारली.

“एवढं?”

“टेम्पो सांगू का, आते?” फागूनं विचारलं. पोरगा खरंच विचारत होता.

“थट्टा करतो काय रे?” तिनं डोळे वटारले. मग मऊ झाली. “न्यायला तर सगळंच लागंल. सगळ्याला हात लागलाय त्याचा. काही ठेवून घेतलंत तर तो तिकडं गेल्यावर कशात जेवंल? कशावर निजंल? उपाशी राहिला तर इकडंच येईल ना शोधत.” तिचे डोळे भरून आले. हिचा धाक सगळ्यांना वाटायचा, पण भावाच्या जेवणाची काळजी तिला खरीच होती. लहानपणी तिनंच त्याला भरवलं होतं.

जैतूनं डबे उचलायला सुरुवात केली. तेव्हा उंबऱ्यावरून आवाज आला.

“ठेव.”

बारा दिवसांनी गोदी बोलली ते एवढंच. जैतूच्या हातातला डबा तसाच राहिला.

“बाय,” गोदी नणंदेकडं वळली, “रीत मोडायची नाय. त्याचं हाय ते समदं न्या, मी एका शब्दानं अडवणार नाय. पण जे त्याचं नाय, ते त्याच्या गळ्यात कशाला घालताय? दुसऱ्याच्या वस्तू घेऊन गेला तर तिकडचे लोक काय म्हणतील? काळ्या चोऱ्या करून आला म्हणतील. उभ्या जन्मात त्यानं कुणाची काडी उचलली नाय.”

चंद्रकला खाली टेकली. खरंच, हा विचार तिनं कधी केला नव्हता.

“मंग निवडा एकेक,” गोदी म्हणाली. “दाखवा. मी सांगते कुणाचं काय ते.”

फागूनं समोरचं जर्मनचं ताट उचललं. बुडाला दोन ठिगळं, कडा ठोकून ठोकून लाटांसारखी झालेली. “हे तरी बाचंच ना? रोज ह्यातच जेवायचा.”

“जेवायचा. पण ताट तुझ्या आतेचं. चेपलं म्हणून उकिरड्यावर टाकलं होतं पोशेऱ्याला. हा उचलून घेऊन आला, ठोकून सरळ केलं. बाय, नेणार काय परत?”

चंद्रकलेनं ताट हातात घेतलं, उलटं केलं. मागं तिच्या सासऱ्यानं ठोकून घेतलेलं नाव अर्धंमुर्धं दिसत होतं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “मला काय माहीत तो उकिरडे धुंडाळतो ते!”

“तुम्ही फेकता म्हणून तो धुंडाळायचा.”

सुषमा पदर तोंडाला लावून फिसकन हसली आणि जैतूनं बघितल्यावर गप्प झाली.

मग खाट. खाटेचे पाय मोडक्या बैलगाडीचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गोदीनं बोट ठेवलं ते विणीवर. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या, पीळ देऊन घट्ट विणलेल्या, रंग उडून सगळ्या मातकट झालेल्या. “ह्या बघ, हिरव्या. आतेच्या प्रमिलाच्या लग्नातलं लुगडं माझं. ही लाल होती. ही तुझ्या वेळेला पोटुशी होते तवाची, जैत्या. सहा लुगडी हायेत माझी ह्या खाटंत. तो निजायचा माझ्या लुगड्यांवर. खाट त्याची कशी?”

रॉकेलची चिमणी प्रतिक्षाच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची, म्हणून प्रतिक्षाची. पाण्याचा पत्र्याचा डबा गोदीला खोडाळ्याच्या फरसाणवाल्यानं दिलेला, त्याची ओसरी सारवल्याबद्दल. काळ्यानं वर फक्त लाकडाची मूठ बसवली होती.

“मूठ तर त्याची?” जैतू म्हणाला.

“मूठ काढून न्या. डबा ठेवा.”

“आये, आता पुरे!” फागू एकदम उसळला. हातातलं इरलं त्यानं खाली टाकलं. “कशाला हा कचरा पाहिजे तुला? मी नवं आणलंय ना सगळं? आणि तुला लागणार कशाला हे, तू तर माझ्यासंगं भिवंडीला येणार!”

“तुझ्यासंगं?” जैतू वळला. “कुणी ठरवलं?”

“मी ठरवलं. इकडं काय ठेवलंय? पाणी नाय, लाईट नाय. तिकडं नळ हाय, पंखा हाय.”

“आणि तुझी पोरं हायेत सांभाळायला, ते पण सांग की! ती कुठं जाणार नाय. घरकुलात राहील आमच्यात. झोपडी उतरवल्यावर…”

तो थांबला. पण शब्द गेला होता.

“झोपडी उतरवल्यावर?” गोदीनं विचारलं.

जैतू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण आयेसमोर तीच लहानपणची सवय.

“खांब चांगले हायेत, आये. सडून जाण्यापेक्षा पडवीला लागतील. प्रतिक्षाला जागा होईल. बाच म्हणायचा ना, काही वाया घालवायचं नाय…”

“वा रे! बाचं शिकलास तर हेच शिकलास?” गोदी उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं, पण प्रत्येक शब्द ठोकून ठेवल्यासारखा. “तो सांधायचा ती मोडकी वस्तू. वापरातली वस्तू मोडून दुसरी करायची, असं त्यानं कधी केलं? माझी झोपडी मोडली हाय का? मी मोडले हाय का? ह्या वस्तू ओहोळापलीकडं, खांब तुझ्या पडवीला, आणि मी एक भिवंडीला नायतर तुझ्या कणगीमागं. म्हंजे त्याच्याबरोबर मलाही काढायचं ठरलंय. सांगा तरी, मला कुठल्या ढिगात बसवताय?”

सुषमाला ते वाक्य लागलं. खांबांचा हिशेब तिनंही केला होता, परवा, भाकरी थापता थापता. तेव्हा फार सरळ वाटलं होतं. आता सासू भर अंगणात उभी होती, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, हाताच्या काटक्या झालेल्या, आणि सुषमाला वाटलं, उद्या हा असाच आधी गेला तर माझी पोरंही माझ्या वस्तू अशाच अंगणात मांडतील आणि माझ्या खांबांकडं बघत बसतील. आणि खरं सांगायचं तर दुसरीही एक गोष्ट होती. एका चुलीवर सासू-सुना चार महिने टिकल्या नसत्या, हे दोघींना पक्कं माहीत होतं.

“आये राहील इथंच,” ती म्हणाली.

“तू गप,” जैतू.

“कशाला गप? चूल तिची, घर तिचं. पडवीला खांब पाहिजेत तर बांबू हायेत रानात, तोडून आण. आणि आये, तू कोयता नाय विचारलास अजून.”

जैतूचा चेहरा पडला.

गोदीनं ढिगाकडं बघितलं. सगळं होतं, कोयता नव्हता. काळ्याचा कोयता, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून लोहाराकडून घडवून घेतलेला. असा कोयता सूर्यमाळच्या साऱ्या पाड्यांत दुसऱ्या कुणाकडं नव्हता.

“माळ्यावर हाय,” सुषमा म्हणाली. “गोणत्यात गुंडाळून. पाचव्या दिवशी मीच ठेवला, ह्याच्या सांगण्यावरून.”

“जैत्या!” चंद्रकला ओरडली. “बाच्या बाराव्याची वस्तू चोरलीस?”

“चोरली कुठं?” जैतूचा आवाज रडका झाला. “तसं पोलाद आता मिळतं काय, आते? एका घावात फांदी. भाताचा राब भाजायला लाकूड तोडायचंय, पाल्याफांद्यांची कवळ आणायचीय… तो ओहोळापलीकडं गंजत पडंल, ते मला बघवलं नसतं.”

“मंग तुला बघवत नाय, तसं मलाबी बघवत नाय,” गोदी म्हणाली. “कोयता ठेव तू. तुझाच हाय तो, दहा वर्षं तूच चालवतोस. पण माझ्या खांबांना हात लावायचा नाय. मी जित्ती असेस्तोवर.”

जैतूनं मान हलवली.

राहिला फागू. तो आपल्या नव्या खोक्यावर जाऊन बसला होता, फुगून. त्याचा राग जैतूसारखा नव्हता, आतला होता, जुना.

“तुम्हाला सगळ्यांना मजा वाटते,” तो म्हणाला. “शाळेत दप्तर होतं माझं युरियाच्या गोणीचं. पोरं मला ‘खत’ म्हणायची. ए खत, इकडं ये. ए खत, फळा पूस. दोन वर्षं! म्हणून मी ठरवलं होतं, आपल्या कमाईचं नवंकोरं घेऊन देईन आयेला. फुकटच आणलं.”

गोदी त्याच्याकडं बघत राहिली. “हसायची पोरं? मला कधी बोलला नाय.”

“तुला नाय. बाला बोललो होतो.”

“मंग तो काय म्हणाला?”

कितीतरी वर्षांत फागूला ते आठवलंच नव्हतं. बा काही म्हणाला नव्हता. काही न बोलता त्यानं दप्तराची सगळी शिवण उसवली होती, गोणी उलटी केली होती आणि परत शिवली होती, अक्षरं आतल्या बाजूला. बोटाला सुई टोचून रक्त आलेलं. दुसऱ्या दिवशी दप्तर पांढरं शुभ्र होतं, आणि ते नाव हळूहळू गेलं. कधी गेलं ते फागूला कळलंही नाही.

“उलटं करून शिवलं त्यानं,” तो म्हणाला. हाताच्या पालथ्या बाजूनं त्यानं नाक पुसलं.

गोदी त्याच्याजवळ गेली. डोक्यावरून हात फिरवला. तीस वर्षांचा बाप्या, पण फिरवू दिला त्यानं. “तुझं नवं मी वापरणार,” ती म्हणाली. “ब्लँकेट तर आजपासून. पोरांना सुट्टीत इकडं धाड, मी सांभाळते. आंबे खातील, ओहोळात डुंबतील. पण भिवंडीला मी नाय येणार. आणि उठ त्या खोक्यावरून, मोडशील. कोंबडी खुडूक झालीय, अंड्यांवर बसवायला खोकं पाहिजेच होतं मला.”

“आये!” म्हणत फागू हसला, रडता रडताच. सुषमाही हसली. सामान परत आत जायला लागलं. खाट गेली, डबे गेले, इरलं गेलं.

पण सावल्या आखडत चालल्या होत्या आणि चंद्रकला अंगणात तशीच बसून होती, मांडीवर ते ठिगळाचं ताट घेऊन.

“गोदे,” ती म्हणाली, “तू जिंकलीस. पण माझ्या भावाला मी रित्या हातानं धाडू काय? सत्तर वर्षं जगला माणूस, आणि त्याची म्हणून काय एक वस्तू नाय?”

आणि ते खरं होतं. त्या एका मुठीपलीकडं काळ्याची म्हणून एकही वस्तू निघाली नव्हती. सगळं कुणाचं ना कुणाचं होतं आणि पुढं कुणाच्या ना कुणाच्या उपयोगाचं. गोदी स्वतः आत गेली, कोपरे धुंडाळले, चुलीमागं बघितलं. हात हलवत बाहेर आली.

सुषमा मागच्या बाजूला गेली होती. वळचणीत हात घालून तिनं काहीतरी ओढून काढलं. “हे बघा बरं.”

टायरच्या वहाणा होत्या. काळ्यानं स्वतः कापलेल्या, स्वतः खिळे मारलेल्या. उजवी धड. डावी आखूड आणि पुढून तिरकी. वीटभट्टीवर त्याची डाव्या पायाची दोन बोटं गेली, तेव्हापासून बाजारातली कुठलीच चप्पल त्याला बसत नसे. म्हणून टायरवर पाय ठेवून, कोळशानं रेघ मारून, त्यानं ही जोडी आपल्या पायाच्या मापाची कापली होती.

जैतूनं डावीत पाय घालून बघितला. अर्धा बाहेर. फागूनं बघितला. त्याचाही नाही.

“ही कुणाला नाय येणार,” सुषमा हळूच म्हणाली.

“झालं तर,” चंद्रकलेनं सुस्कारा सोडला. “हेच त्याचं. चला उठा, ऊन माथ्यावर आलं.”

पण गोदीनं वहाणा जैतूच्या हातातून काढून घेतल्या होत्या आणि ती खाली बसली होती. तिनं त्या छातीशी धरल्या नाहीत की काही नाही, नुसत्या मांडीवर घेतल्या. डावीच्या आत पायाचा ठसा उमटलेला होता, तीन बोटांचा. सकाळपासून ती ज्या वस्तूंसाठी भांडली, त्यांतली एकही तिला एवढी हवीशी वाटली नव्हती, आणि या जोडीचा तर काडीचा उपयोग नव्हता. ‘ठेवते’ म्हणाली असती तर आज कुणी नाही म्हटलं नसतं. तिलाही ते कळत होतं.

“पक्कड दे गं,” ती सुषमाला म्हणाली.

सुषमानं दिली. सगळ्यांना कळलं ती काय करते ते. पट्टे चांगले होते, खिळेही पितळी डोक्याचे, मजबूत. ते काढून घ्यायचे आणि नुसते तळ धाडायचे. काळ्यानंही तेच केलं असतं.

गोदीनं पहिला खिळा धरला, पीळ देऊन उपसला आणि दातात धरला, काळ्या धरायचा तसा. पट्ट्याचं एक टोक सुटून लोंबलं. दुसऱ्या खिळ्याला तिनं पक्कड लावली आणि तिचा हात थांबला.

मग दातातला खिळा काढला, पट्टा जागच्या जागी बसवला, बाजूचा दगड घेतला आणि खिळा परत ठोकला. चार घाव घातले. बोटानं हलवून बघितलं. हलला नाही.

“राहू दे,” ती म्हणाली. “ओहोळापलीकडं समदा खडक हाय. सुटक्या पट्ट्यानं कसा चालंल तो? अख्ख्याच जाऊ देत.”

तिनं वहाणा पदरानं पुसल्या, तळाची माती काढली आणि जैतूच्या ओंजळीत ठेवल्या.

“नीट जोडीनं ठेव रे. डावी डाव्या अंगाला.”